ट्रंपेटवाल्याचा दात

माझा नवरा पेणच्या एका बँडात ट्रंपेट वाजवायचा. पोलिसांच्या बँडातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याने त्याला शिकवलं होतं. चालता चालता श्वास कुठे घ्यायचा, कोणत्या ठोक्याला पाऊल टाकायचं, सगळं. वरातीत पुढे ट्रंपेटच्या दोन रांगा, मग क्लॅरनेट, शेवटी ढोल. पुढची उजवी जागा माझ्या नवऱ्याची. नवरी वेशीवर आली की बाकीचे थांबायचे आणि तो एकटा वाजवायचा. बायका रडायच्या. मी कधी रडले नाही. पुढच्या माणसाची बायको म्हणून विहिरीवर मला आधी पाणी भरू देत, एवढं मला पुरे होतं.

एका चैत्रात त्याचा खालचा पुढचा दात ठणकायला लागला. मुळाशी पू झालाय, आजच काढू, असं डॉक्टर म्हणाले. तो तसाच घरी आला.

"दात गेला तर ट्रंपेट टेकवू कशावर गो? नुसती फुसफूस होल."

"मग नका काढू. लग्नसराई सरू दे."

"पन लय दुखतंय."

"बाळंतपणापेक्षा जास्त हाय काय? एकदा मागच्या रांगेत गेलात की परत पुढं कोण घेनार नाय तुमाला."

"तू बँडमालक व्हायला पायजे होतीस," तो म्हणाला आणि लवंग दाताखाली धरून कामाला गेला.

वैशाखात हनुवटीखाली सूज आली. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या लग्नाला तो गळ्याला रुमाल गुंडाळून गेला. लोकांना वाटलं, पोशाखातलाच असेल. वेशीवर त्याने नेहमीसारखं वाजवलं. सूर कुठे हलला नाही, असं क्लॅरनेटवाला मला नंतर म्हणाला. फक्त ट्रंपेट खाली घेतला तेव्हा त्याच्या तोंडावर रक्त होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला थुंकी गिळवेना. रोह्याच्या दवाखान्यात नेलं तोवर मान आणि हनुवटी एक झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस कशाला थांबलात?" त्याला बोलता येत नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

"मी सांगितलं थांबायला," मी म्हटलं.

दुपारी त्याचा श्वास कोंडला आणि तो गेला.

आपला वाजवणारा गेला की बँडाने पोशाख घालून त्याला स्मशानापर्यंत वाजवत न्यायचं, अशी त्यांच्यात रीत होती. ते आले. मी दारात उभी होते. रांग लागली. पुढच्या उजव्या जागेवर कोण उभं राहील याची मला उगाच काळजी वाटली होती. मागच्या रांगेतला एक ट्रंपेटवाला कोणी न सांगता पुढे येऊन उभा राहिला. ढोलावर काठी पडली आणि सगळ्यांनी एकदम डावं पाऊल टाकलं.