स्पीकरवरचा अबोला

पाचवीत शाळा सुटली, त्यामुळे जगाच्या बातम्या मला कुणीतरी फोडून सांगाव्या लागतात. इथे तेलुगू मुलखात, अंबरपेठेत ज्या मूळ पुण्याच्या काकूंकडे मी स्वयंपाकाला जाते, त्यांनी ते काम आपणहून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरायची नाही.

आमचे हे आखातात फरशा बसवायला गेले, ते माझं न ऐकता. नांदेडकडचं घर सोडून इथवर आलो, आता आणखी किती लांब जायचं, एवढंच मी म्हणाले होते. ते गेले आणि मी बोलणं टाकलं. फोन आला की स्पीकर लावून ओट्यावर काकूंपुढे ठेवायची. मग तिकडे लढाई पेटली. यांना रात्री आकाशात जाळ दिसायचा. ऐकून माझ्या हातून पोळ्या करपायच्या, तरी तोंड उघडेना.

एका दुपारी काकूंनी टीव्ही पाहून सांगितलं, दोन्ही देशांची माणसं बोलणी करायला एकाच हॉटेलात उतरलीत, पण समोरासमोर बसत नाहीत. तिसऱ्या देशाचा माणूस या खोलीतून त्या खोलीत निरोप नेतो.

"माझंच काम," काकू म्हणाल्या. "त्याला भत्ता तरी मिळत असेल."

तेवढ्यात यांचा फोन आला. कंपनी दुसऱ्या दिवशी शेजारच्या देशातल्या विमानतळापर्यंत बस सोडणार होती. जाणाऱ्यांनी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. यांचं मन नव्हतं. बोलणी सुरू झालीत, आता मिटेल, असं साइटवर सगळेच म्हणत होते.

"काकू, तिला म्हणावं, उगी कायकू पळून यायचं?"

"सांगा त्यांना," मी कणीक मळत म्हणाले, "मिटल्यावर परत जाता येतं."

"ती म्हणते, तुमची फार आठवण येते," काकूंनी पुढे सांगितलं.

"असं नाही म्हणाली ती. मी ऐकलं ना."

"मग मी कशाला हवी?" म्हणत काकूंनी फोन माझ्याकडे सरकवला आणि बाहेरच्या खोलीत गेल्या.

पलीकडे यांचा श्वास ऐकू येत होता. लाइन तुटेल अशी भीती वाटली.

"या घरी," मी म्हणाले. "मला झोप लागत नाही."

हे म्हणाले, "बससाठी नाव देतो."

ते आले. बोलणी लांबली, मोडली, आता पुन्हा सुरू आहेत म्हणतात. यांच्या खोलीतला करीमनगरकडचा जोडीदार मात्र त्या बोलण्यांवर भरवसा ठेवून तिथंच राहिला. परवापासून त्याचा फोन लागत नाही. काल त्याच्या बायकोने यांना फोन केला. यांनी फोन माझ्या हाती दिला. तेलुगू मला कामापुरतंच येतं. तिने विचारलं, अक्का, तुम्ही असं काय बोललात, की ते आले?

मी होतं तसं सांगितलं.

मीही तेच म्हणाले होते, ती म्हणाली.