पुढच्या चाकांची ओढ

वीज गेल्यामुळं जयसिंगपूरच्या शेडमधलं वेल्डिंग दुपारीच थांबलं आहे. दस्तगीर मिस्त्री जेवायला घरी गेलेत. पद्माक्का ट्रकच्या केबिनमध्ये चढते आणि सीटमागच्या फळीवर जरा आडवी होते. पत्रा तापलाय. बाहेर कुठंतरी कावळा ओरडतोय, तो हळूहळू लांब जातो.

हा ट्रक तिच्या नवऱ्याचा, भूपाल मगदूमचा. गुळाच्या भेल्या वाहण्यात त्याचा जन्म गेला आणि गेल्या वर्षी छातीत कळ येऊन तोही गेला. दीर म्हणाले, विकून टाका. पद्माक्कानं विकला नाही. लष्कराच्या भंगारातून पुढच्या चाकांना ओढ देणारा आख आणला, गाडी हातभर उंच केली, आणि गुळाच्या जागी निजायची खोली बांधायला काढली. साठीला आलेल्या बाईला वेड लागलंय, असं भावकीत उघड बोललं जातं.

डोळा लागतो न लागतो तोच इंजिन धडधडायला लागतं.

स्टेअरिंगवर भूपाल बसलाय. गळ्यात टॉवेल, तोंडात सुपारी.

"एवढी उंच कशाला केलीस गं? चढताना दम लागला मला."

"पुढची चाकंबी ओढणार हायत आता. दगडधोंड्यातनं जायाचं तर उंच पायजे."

"कुठं जायाचं?"

"हिमाचलात. स्पितीला."

"एकटी?"

"मिस्त्री नि त्यांची बायको येत्यात संगं."

तो हसतो. गाडी शेडच्या भिंतीतून अलगद बाहेर पडते. बाहेर आठवड्याचा बाजार आहे. भाजीचे ढीग लागलेत, तराजू टांगलेत, माणूस एकही नाही. वांग्यांच्या पाट्यांमधून रस्ता वळतो आणि तिच्याच स्वयंपाकघरातून जातो. चुलीवरचं दूध उतू जातंय. तिला थांबावंसं वाटतं. गाडी थांबत नाही.

"हितं बस, माझ्याजवळ," तो डावीकडची सीट थोपटतो. "मी न्यायला आलोय तुला. तिकडं रस्ता सपाट हाय. खड्डा न्हाई, चढ न्हाई."

मेलेलं माणूस स्वप्नात बोलवायला आलं तर जायचं नसतं, हे तिला आईनं लहानपणीच सांगितलेलं. त्या सीटवर ती जन्मभर बसली. त्याला चहा ओतून दिला, झोप लागू नये म्हणून बोलत राहिली.

"सपाटच जायाचं असतं तर एवढी यातायात कशाला केली असती?" ती म्हणते. "उठा तिथनं."

"काय?"

"उठा म्हटलं. मी चालवणार."

तो जिवंत असताना असं ती कधी बोलली नव्हती. भूपाल डावीकडच्या सीटवर सरकतो.

तिचे हात स्टेअरिंगवर पडतात तेव्हा समोर कृष्णा आहे, दोन्ही थड्या भरून. ती गाडी पाण्यात घालते. मध्यावर मागची चाकं गरागरा फिरतात आणि गाळात बसतात. पाणी पायदानाला लागतं.

भूपाल दार उघडून खाली उतरतो. कंबरभर पाण्यात उभा राहून हात पुढं करतो.

"रुतली. मी सांगत होतो. सोड आता, पद्मा. चालत ये माझ्याबरोबर."

हात तोच आहे, अंगठ्याचं नख काळं पडलेला. तिला तो धरावासा वाटतो, फार वाटतो. ती पुढची चाकं जोडायचा छोटा दांडा धरते आणि सगळा जोर लावून ओढते.

खाली काहीतरी खडकन् बसतं. गाडीचं नाक वर उठतं. पुढची चाकं तळाचे दगड धरतात, मागच्यांना ओढून काढतात. भूपाल मागं राहायला लागतो. तो धावतो, दाराची दांडी पकडतो आणि पायदानावर चढतो.

"ओढती की गं," तो म्हणतो.

"मग?"

पलीकडच्या काठावर ती गाडी थांबवते. समोर नुसता उघडा डोंगर, बर्फानं पांढरा.

"ह्याच्या पुढं मला येता येत न्हाई," भूपाल म्हणतो.

"ठाऊक हाय. उतरा आता."

"रागावलीस?"

"व्हय. सांगितल्याबिगर गेलासा. तो राग माझ्यापाशी राहू द्या. मला पुढं जायाचंय."

तो मान हलवतो. उतरतो.

शेडमध्ये वीज येते आणि पंखा घरघरायला लागतो. पद्माक्का उठून बसते. गालांवर ओल आहे. ती पदरानं पुसते. मिस्त्री परतलेत, खालून हाक मारतात, "भाभी, पुढच्या चाकांचा शाफ्ट जोडायला घेऊ का?"

"घ्या," ती म्हणते आणि डाव्या बाजूचं दार उघडते.

बाहेर सगळीकडं कोरडी धूळ आहे. पायदानावर ओल्या काळ्या गाळाचं एक पाऊल उमटलंय. बोटं बाहेरच्या बाजूला.