तेल उतरणीला लागेपर्यंत

जगातलं खनिज तेल जास्तीत जास्त निघण्याचा काळ येऊन गेला का, यावर माझं आणि बाबांचं चारेक वर्षं भांडण चाललं. जबलपूरच्या दोन खोल्यांत बसून आम्ही साऱ्या दुनियेच्या विहिरी मोजायचो. ते दिवस आठवले की हसू येतं आणि बाबांची फार आठवण येते.

भांडणाचं मूळ होतं स्कूटर. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, डाव्या डोळ्याने अंधुक दिसायचं, तरी वीसेक किलोमीटरवरच्या भेडाघाटापर्यंत एकटे जायचे. मी चावी मागितली तेव्हा म्हणाले, जगाचं तेल उतरणीला लागलं की देतो. मला वाटलं, हे तर सोपं आहे. बाबांची अख्खी हयात पेट्रोल पंपावरच्या नोकरीत गेली होती, हे मी विसरले.

पंपावर रोज सकाळी ते जमिनीखालच्या टाकीत खुणांची लांब पट्टी सोडून तेल मापायचे. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी हट्टाने सोबत जायचे. पट्टी वर आली की ओली रेघ मी वाचायची, हा माझा मान होता. घाईने आकडा सांगितला की ते पट्टी पुसून पुन्हा सोडायचे. उन्हाने तेल फुगतं, टँकर नुकताच रिकामा झाला असेल तर ते हलत असतं, म्हणून एका मापावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. वासाने माझं डोकं दुखायचं. तरी त्या सकाळींसारख्या सकाळी मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

तर मी कात्रणं आणायचे आणि बाबा ती मोडीत काढायचे. लॉकडाउनच्या वर्षी उत्पादन घसरलं, तेव्हा मी ऐटीत पेपर त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी सावकाश वाचलं आणि विचारलं, गिऱ्हाईक नाही म्हणून नळ बंद ठेवला तर टाकी आटली म्हणायचं का? पुढे उत्पादन पुन्हा चढलं, आणि बाबांनी मला खोव्याची जलेबी खाऊ घातली. स्कूटरवर जाऊन आणलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग एका दुपारी ते गोहलपूर मोहल्ल्यातून स्कूटर ढकलत आले. कोपर सोललेलं. ब्रेक लागला नाही, म्हणाले. मी गोहलपूरच्याच मेकॅनिकला झापायला फोन केला. तो बिचारा हळूच म्हणाला, ब्रेक ठीक आहेत, दीदी. माझ्या दुकानासमोरच झालं. समोरची ई-रिक्षा बाबूजींना दिसलीच नाही. आतली बाई थोडक्यात वाचली.

मी खोलीत गेले. काही बोलायच्या आत बाबांनी पेपरमधली चार ओळींची चौकट पुढे केली. कुणा जाणकाराचा अंदाज होता की जगाच्या तेलाचं शिखर बहुधा होऊन गेलं. आकडा एकही नव्हता. असलं कात्रण मी आणलं असतं तर त्यांनी माझी पार टर उडवली असती.

"तुझंच बरोबर निघालं, बेटा," ते म्हणाले आणि चावी माझ्यापुढे सरकवली.

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. आता मात्र रडू आवरेना, आणि मी त्यांच्या बाजूने भांडायला लागले.

"एवढ्याशा बातमीवर ठरते काय, बाबा? आकडे तर येऊ द्या."

"काहून वाद घालून राहिली?" बाबा म्हणाले. "मी मानलं न. आता तू पण मानून घे."