हवालदारांनी राखलेलं गवत

हवालदार फोन उभं राहून घ्यायचे. घरचा असो, बँकेचा असो की साड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीचा. आधी उठायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे आणि मगच "जी सर" म्हणायचे. फौजेतून निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या आपल्या गावी येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी ही खोड सुटली नव्हती. मी त्या भागात कृषी सहायक होतो. वयानं मी त्यांच्या मुलासारखा, पण मलाही ते साहेबच म्हणायचे.

गवतापासून गॅस करायची योजना तेव्हा जोरात होती. सरकार म्हणे या गॅसवर गाड्या चालवणार, आणि एक कंपनी उंब्रजच्या बाजूला कारखाना टाकणार. देवळासमोर सभा मी भरवली, माईकही मीच धरला. कंपनीचा माणूस म्हणाला, हत्तीगवत लावा, तीन महिन्यांत आम्ही येऊन कापून नेऊ, तोवर ते आमचं. लोक एकमेकांची तोंडं बघत बसले. हवालदार उठले. "मी तीन एकर लावतो. माज्यावर इस्वास ठिवा आन् लावा." त्यांच्या शब्दावर आणखी अकरा जणांनी लावलं.

रोज सकाळी ते छडीनं गवत मोजायचे आणि कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचे. "आज आठ फूट. सब ठीक." कुणी उत्तर दिलं नाही तरी दुसऱ्या दिवशी सव्वाआठ. मी चिडवायचो, "हवालदार, गवताला जरा निवांत वाढू द्या की." ते हसायचे नाहीत. "ताब्यात दिल्याला माल हाय, सायब. रिपोर्ट द्याया लागतो."

होळी झाली, कंपनीचं कुणी फिरकलं नाही. बाकीच्या अकरा जणांनी गवत कापून गुरांना घातलं. हवालदारांनी मात्र दारच्या गाईसाठी बाजारातून कडबा विकत आणला. त्यांच्या घरच्या काकी कपाळाला हात लावायच्या. "आवं, एक पेंडी तरी कापू द्या." त्यावर उत्तर एकच, "आर्डर न्हाई."

पाडव्याच्या सुमारास तालुक्याच्या बैठकीत मला कळलं की कंपनीनं गाशा गुंडाळला आहे. कारखान्याच्या जागेवर कुदळही पडली नव्हती. मी हवालदारांना सांगितलं नाही. सभा माझी होती, माईक माझ्या हातात होता, आणि दुसरी एखादी कंपनी येईल अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी म्हणालो, "थोडं थांबा." याची लाज मला आजही वाटते.

त्यांचं घराणं मेंढपाळांचं. धाकटा भाऊ बिरू अजून कळप घेऊन कोकणात उतरायचा. वैशाखात तो घाट चढून परत आला तेव्हा माळावर हिरवी काडी नव्हती आणि मेंढरांच्या बरगड्या दिसत होत्या. त्यानं बांधावर उभं राहून विचारलं, "दादा, वरचा पाला तरी खाऊ दे."

"माजं असतं तर सगळं दिलं असतं, गड्या. कंपनीचं हाय."

बिरू दोन दिवस बांधापलीकडे बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं कळप बाजारात नेऊन विकला. आता तो साताऱ्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. भावाच्या घरी तो पुन्हा आलेला नाही.

पावसाळ्यात माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ओट्यावर बसून मी एकदाचं सांगून टाकलं की कंपनी बंद पडली.

"व्हय, फोन लागत न्हाई," हवालदार म्हणाले. "तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "पाडव्याला," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवून गवताकडे पाहिलं. "बिरू वैशाखात आलता," ते म्हणाले.

काकींनी चहा आणला. हवालदारांनी माझा कप माझ्यापुढे सरकवला, स्वतःच्या कपाला हात लावला नाही. "चा घ्या, सायब. तुमची यस्टी चुकंल."

मी चहा संपवून निघालो. वळणावर मागे पाहिलं तर ते कोयता घेऊन गवतात शिरले होते. गवत आता बांबूसारखं निबर झालं होतं, गाईनंही तोंड लावलं नसतं. एका घावात ते तुटत नव्हतं. थांब्यापर्यंत मला ते घाव ऐकू येत होते.