रबराची पट्टी

गॅरेजांच्या त्या रस्त्यावर त्याला सगळे मूळपुरुष म्हणत. धंद्याने तो पत्रेवाला. चेपलेल्या गाड्यांचा पत्रा हातोडीने ठोकून सरळ करण्यात त्याची हयात गेली. हे नाव पडलं ते त्याच्या हेक्यामुळे. गाडी मुळात कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिली पाहिजे, हा त्याचा हेका. एखादं गिऱ्हाईक जुन्या गाडीला रुंद टायर नाहीतर नवा स्टिरिओ बसवायचा म्हणालं, की हा असा चेहरा करायचा, की वाटावं कुणी त्याच्याच नाकाला भोक पाडायला निघालंय.

घरी तरी वेगळं काय असणार? एकदा छताच्या पंख्याचा एक स्क्रू हरवला. मूळ मापाचा स्क्रू सापडेपर्यंत पंखा बंद राहिला आणि घरच्यांनी अख्खा उन्हाळा वर्तमानपत्राने वारा घेत काढला. "घाम तेवढा मूळचाच येतोय हो," बायको म्हणायची, "त्याला तुमची काही हरकत नाही ना?" तो मान खाली घालून जेवत राहायचा. त्याच्याशी भांडण करणंही अवघड होतं, कारण तो वर बघतच नसे.

घरामागच्या शेडमध्ये त्याची स्वतःची गाडी होती. दोन सीटांची, बसकी, गडद हिरव्या रंगाची जुनी स्पोर्ट्स कार. असल्या माणसाकडे असली गाडी कुठून आली, असं लोक विचारायचे. ती उस्तादाची देणगी. ज्याच्या हाताखाली तो काम शिकला, त्या म्हाताऱ्याने कुणा श्रीमंताने टाकून दिलेली ती गाडी वर्षानुवर्षं जपली होती. हात थरथरायला लागले तेव्हा त्याने किल्ली याच्या हातात ठेवली आणि एकच अट घातली: हिला भोक पाडायचं नाही. उस्तादाच्या वर्कशॉपचा तो कायदाच होता. वाकलेला पत्रा सरळ होतो, पण आपल्या सोयीसाठी चांगल्या पत्र्याला भोक पाडलं की ते कायमचं. काही बसवायचंच असेल तर ते पकडीने आवळून बसवायचं, म्हणजे उद्या काढलं तरी खूण राहत नाही. तो हा कायदा जन्मभर पाळत आला होता.

त्याला एकुलती एक लेक. ती त्या गाडीतच लहानाची मोठी झाली म्हटलं तरी चालेल. गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. "क्लचवर पाय ठेवून बसू नकोस, ते पायपुसणं नाही," असं ओरडत ओरडत शिकवलं. पोरीचा हात असा बसला की पुढे रविवारी सकाळी ती चालवायची आणि तो शेजारी डोळे मिटून नुसता इंजिनाचा आवाज ऐकत बसायचा. त्याच्या आयुष्यात याहून मोठं सुख नव्हतं. "माझ्यामागे गाडी तुझीच," तो म्हणायचा. "मग तोवर नीट ऑईल बदलत जा," ती म्हणायची.

मग एका संध्याकाळी कामावरून परतताना एका ट्रकने तिच्या स्कूटरला उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुढचं सगळं व्हायचं तसं झालं: हॉस्पिटल, कुबड्या, नंतर कृत्रिम पाय. पोरगी धीराची. ती रडली ती एकदाच, आणि ते शेडमध्ये. गाडीत बसून तिने क्लच दाबून पाहिला होता. पाय पेडलवरून घसरला, आणि घसरला हेही तिला कळलं ते आवाजावरून.

डोळे पुसून ती म्हणाली, "बाबा, क्लच हातावर घ्या."

म्हणजे गिअरच्या दांड्याला मोटरसायकलसारखी मूठ लावायची, आणि मूठ दाबली की केबलने क्लच दाबला जाईल असं करायचं. अवघड काहीच नव्हतं. फक्त केबलला अडकवून धरणारा लोखंडी आधार दोन सीटांमधल्या पत्र्याच्या उंचवट्यावर पक्का बोल्टने बसवायला हवा होता.

"भोकं पाडावी लागतील," तो म्हणाला.

"मग पाडा."

"उस्ताद म्हणायचे..."

"बाबा, मी तरी कुठे मूळची राहिले?" ती हसत म्हणाली. त्याला हसता आलं नाही.

बायकोने मात्र तोंडाचा पट्टा सोडला. "अहो, पोरीपुढे पत्रा मोठा झाला का? पाडा ना एकदाचं ते भोक!"

तो बरं म्हणाला. मनापासून म्हणाला. दुसऱ्या दिवशी सीट काढल्या, खालचा गालिचा उचलला, ड्रिल हातात घेतलं. गालिच्याखालच्या रंगाने कधी ऊन पाहिलं नव्हतं. कारखान्यातून निघाला त्या दिवसासारखा तो चकाकत होता. त्याने ड्रिलचं टोक पत्र्यावर टेकवलं आणि बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग ड्रिल खुंटीला टांगून टाकलं. आपण बोल्टइतकीच पक्की पकड बनवू, त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो.

पकड बनवली ती मात्र अशी, की उस्तादानेही पाठ थोपटली असती. पोलादी जबडे, बारीक आटे, कुठे धार नाही. जबड्यांनी रंगाला ओरखडा पडू नये म्हणून मध्ये रबराची पट्टी घातली. मग सगळा जोर लावून ओढून पाहिलं. तसूभर हललं नाही. फक्त तेव्हा इंजिन बंद होतं आणि पत्रा गार होता. खालच्या गिअरबॉक्समुळे तो उंचवटा गाडी चालताना किती तापतो, हे त्या रस्त्यावर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी ते त्याच्या ध्यानात आलं नाही. तो रंगाकडे बघत होता.

गालिचा परत अंथरल्यावर लेक आत बसली. मूठ दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"पक्कं बसवलंत?"

"पक्कं. ओढून बघ की."

तिने ओढून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "पाडलीत तर भोकं! माझ्यासाठी!" असं म्हणून तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. तो काहीच बोलला नाही. त्याच वेळी बोलला असता तरी चाललं असतं.

काही रविवार फार चांगले गेले. मग एकदा भर दुपारी ती एकटीच गाडी घेऊन बाजारात गेली. चढावरच्या सिग्नलला थांबली. पुढे सामानाचा टेम्पो होता. मूठ दाबलेली, गाडी गिअरमध्ये. दिवा हिरवा झाला, तिने पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि तेवढ्यात तापून मऊ झालेल्या रबरावरून आधार सरकला. क्लच एकदम सुटला. गाडी उसळून टेम्पोखाली घुसली.

खांद्याचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले. थोडक्यात वाचली, असं सगळे म्हणाले.

हॉस्पिटलमधून आल्यावर ती घरात न जाता आधी शेडमध्ये गेली. एक हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हाताने तिने गालिचा ओढून काढला. पकड तिरकी झाली होती आणि पत्र्याला कुठेही भोक नव्हतं. पत्रेवाल्याचीच पोर ती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने रबराची पट्टी उपसून काढली आणि दारात उभ्या असलेल्या बापाच्या तळहातावर ठेवली.

"रंगाला ओरखडा नाही पडला, बाबा," ती म्हणाली.

एवढंच. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. दोघींच्या वाटचं आईच ओरडली. हाड जुळल्यावर लेकीने दुसऱ्या गावी बदली मागून घेतली, ऑफिसजवळ तळमजल्यावर घर पाहिलं आणि गेली. रविवारी फोन मात्र न चुकता करायची. हवा कशी आहे, आईचे गुडघे काय म्हणतात, असलं बोलायची. गाडीचा विषय निघत नसे.

त्याने गाडीचं चेपलेलं नाक सरळ केलं. हात चालू ठेवायला दुसरं काही नव्हतं. काम इतकं बेमालूम झालं की बातमी ऐकून जुन्या गाड्यांचा एक शौकीन ती विकत घ्यायला आला. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला, गालिचे उचलले, कानाकोपरा तपासला आणि धूळ झटकत उठला.

"कुठे एक भोक नाही! मानलं तुम्हाला. पत्र्याला इतका जीव लावणारा माणूस मी पाहिला नाही."

मूळपुरुषाने खुंटीवरचं ड्रिल काढलं आणि सीटमधल्या त्या हिरव्यागार पत्र्यावर टेकवलं.

"अहो, अहो, काय करताय?" शौकीन ओरडला. पत्र्याचा चुरा उडाला. पहिलं भोक पडलं तसा शौकिनाने डोक्याला हात लावला. तिसऱ्याच्या वेळी तो निघून गेला होता.

पत्रेवाल्याने चार भोकं पाडून आधाराला चार बोल्ट घातले, आवळले, इंजिन सुरू करून पत्रा तापेपर्यंत थांबला आणि मग ओढून पाहिलं. घरात येऊन हातही न धुता त्याने लेकीला फोन लावला.

"भोकं पाडली," तो म्हणाला. "बोल्ट टाकलेत. आता हत्ती बांधला तरी हलायचं नाही."

पलीकडे तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला.

"आता कशाला, बाबा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिनेच विचारलं, "जेवलात का?"

"जेवलो," तो म्हणाला.

"आईला द्या जरा फोन," ती म्हणाली. "तिला विचारते."

त्याने फोन बायकोच्या हातात दिला.