खाडीचं पाणी उतरताना

मैत्रिणींनो, आज कोकणात होडीने खाडी ओलांडून रोझीला भेटले. जळगावच्या कॉन्व्हेंटमधली माझी बाकावरची सोबतीण. आता अंथरुणाला खिळली आहे.

उतरताना नावाडी म्हणाला, "काकी, तासाभरात या हां. मग ओहोटीत होडी चिखलात बसते."

आमच्या जळगावकडच्या गिरणा नदीचं पाणी एकदा गेलं की पावसाळ्यापर्यंत गेलंच. रोझी बोलत होती आणि मी खिडकीतून उतरतं पाणी बघत होते.

"शाळेतही अशीच घंटेकडे कान लावून बसायचीस," ती म्हणाली. "जा बाई."

मी धावतच होडी गाठली. नावाडी सहज म्हणाला, "थांबायचं होतं तर थांबायचं. संध्याकाळी पाणी परत भरतंच."

भरती-ओहोटी भूगोलात पाठ केली होती मी. रोझी काय सांगत होती, ते मात्र धड आठवत नाही.

उद्या पुन्हा जाऊ का?