विश्रांतीतला नंबर

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणायचे. साहेबसुद्धा, आणि साहेब तर तिच्या भाच्याच्या वयाचा. परदेशी जाणाऱ्यांना तिकडे चालणारं प्रीपेड सिमकार्ड देणारी ही कंपनी. पुढच्या काचेच्या दालनात गिऱ्हाइकं यायची आणि मागे, पाण्याच्या कूलरला लागून असलेल्या खोलीत, आत्या बसायची. बावीस वर्षं बसली होती. जगभर हिंडणाऱ्या लोकांच्या जिवावर पोट भरलं, पण बाईनं स्वतः कधी पासपोर्टचं तोंड पाहिलं नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची आणि वर हसायची.

आता तुम्ही विचाराल, मागच्या खोलीत काम काय? तर प्रवासी परत आला की त्याचं सिम बंद होतं, पण नंबर कुणी फेकून देत नाही. नंबर म्हणजे पंगतीतली ताटं, धुवायची आणि पुन्हा मांडायची. आधी नंबर तीन महिने विश्रांतीला ठेवायचा, म्हणजे साफ बंद. मग आत्याच्या फळीवरच्या एखाद्या बटणांच्या फोनमध्ये घालून आठवडाभर चालू ठेवायचा. जुन्या माणसासाठी कुणाचे फोन येत नसले, तर नव्या प्रवाशाला द्यायचा. आलाच फोन, तर आत्यानं ठरलेलं वाक्य म्हणायचं, "हा नंबर आता त्यांच्याकडे नाही," आणि ठेवून द्यायचा. जास्त बोलायचं नाही, चौकशी करायची नाही.

फळीवर असे वीस फोन, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी. बावीस वर्षांत आत्याला एक गोष्ट कळून चुकली होती. फोन करणारे धड हॅलोही म्हणत नाहीत. उचलल्या उचलल्या, "पोचलास का? जेवलास का?" आत्याला असं विचारणारं मात्र कुणी उरलं नव्हतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, भाऊ आपल्या संसारात. लग्न का नाही केलंत म्हटलं, की म्हणायची, "लावला होता हो फोन, लाइन बिझी होती."

एका मंगळवारी अकरा वाजता सात नंबरचा फोन वाजला. आत्या चार्जरच्या वायरींचा गुंता सोडवत होती, एक वायर दातात धरलेली. तशीच तिनं फोन कानाला लावला.

"पोचलास का रे?" म्हाताऱ्या बाईचा, थकलेला आवाज. "किती दिवस लावतेय, लागतच नाही."

आत्यानं वायर तोंडातून काढली आणि म्हणाली, "ते बाहेर गेलेत."

बावीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्या आवाजात असा धीर सुटलेला होता की ठरलेलं वाक्य जिभेवर आलंच नाही.

"जेवून गेलाय ना?"

"हो, जेवून गेलेत."

"मग झालं तर," आजी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! दुसऱ्या दिवशी अकराला सात नंबर पुन्हा वाजला. तिसऱ्या दिवशीही. आत्या रोज मनाशी ठरवायची, आज खरं सांगायचं, आणि रोज सांगायची, जेवून गेलेत.

नवव्या दिवशी त्याच वेळी पुरुषाचा आवाज आला. "बाई, तुम्ही कोण?"

आत्याला वाटलं, आता तक्रार होणार, नोकरी जाणार. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मी त्यांचा मुलगा," तो म्हणाला. "मला परत येऊन चार महिने झाले. मी इथेच असतो, आईच्या शेजारच्या खोलीत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आत्याला हसू यायच्या बेतात होतं, पण तो पुढे बोलत होता. "ती विसरते हो सगळं. मुलगा परदेशी गेलाय एवढंच डोक्यात राहिलंय, आणि हा नंबर. मी समोर उभा राहिलो तर म्हणते, बसा, मुलगा आला की भेटेल. दुसऱ्या फोनवरून बोलून बघितलं, तर म्हणाली, सोंगं करू नका. नंबर बंद होता तेव्हा दिवस दिवस दारात उभी असायची, पाय सुजायचे. तुम्ही बोललात की फोन ठेवते आणि शांत बसते."

"उद्या करू द्या त्यांना," आत्या एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात साहेब दारात आला. "आत्या, सात नंबर कधी मोकळा होणार? सुट्ट्या आल्या, नंबर कमी पडतायत."

आत्यानं त्यालाही सगळं सांगितलं. साहेब वाईट नव्हता, पण नियमापुढे त्याचं काय चालणार? "नंबर ठेवायचा तर गिऱ्हाईक म्हणून घ्यावा लागेल," तो हसत म्हणाला. "पासपोर्ट लागेल, तिकीट लागेल. आणि तीन महिन्यांत एकदा तरी परदेशातून फोन लावायला हवा, नाहीतर गेला परत विश्रांतीला. महिनाभर थांबवतो, पुढचं माझ्या हातात नाही."

त्यानं गमतीनं म्हटलं. आत्यानं मनावर घेतलं. आजींचा मुलगा म्हणाला, "मी घेतो नंबर." आत्या म्हणाली, "घ्याल हो, पण उचलणार कोण? मीच ना? मग माझ्याच नावावर असू दे."

पासपोर्ट आला. फोटोत आत्या अशी, जणू चोरी करताना पकडलीय. शहर सीमेलगतचंच, सकाळी पलीकडच्या देशात जाऊन संध्याकाळी परत येणारी एक बस होती, तिचं तिकीट काढलं. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "फिरायला की कामाला?"

"फोन करायला," आत्या म्हणाली.

त्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि शिक्का मारला.

पलीकडच्या बसथांब्यावर एक बाक होता. परदेश म्हणजे काहीतरी वेगळंच असेल असं तिला वाटलं होतं, पण ऊनही तेच आणि धूळही तीच. अकरा वाजायच्या आत तिनं फोन लावला. रोज आजी करायच्या, आज पहिल्यांदा तिनं केला.

"हॅलो, मी बोलतेय."

"मी कोण?"

"तुमच्या मुलाच्या फोनवरची."

"अगं तू होय! आणि कसला गोंगाट चाललाय तिथे?"

"बसचा. मी परदेशात आलेय."

"अगंबाई! एकटीच?"

"एकटीच."

"जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग आधी काहीतरी खा. आणि घरी पोचलीस की फोन कर. विसरू नकोस हं!"

मुलाचं त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आत्या बाकावर बसून रडली. डोळ्यांत धूळ गेली वगैरे काही नाही, चांगली हमसून हमसून रडली, आणि मग समोरच्या टपरीवरून काहीतरी घेऊन खाल्लं.

परतीच्या बसमध्ये तिनं स्वतःची समजूत घातली. पोटच्या पोराला विसरणाऱ्या बाईच्या संध्याकाळपर्यंत काय लक्षात राहणार? तरी घरी आल्यावर चपलाही न काढता तिनं फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत मुलानं उचलला.

"पोचलात का हो?" तो म्हणाला. "सकाळपासून फोनपाशी बसलीय. आज मुलाचं नावसुद्धा काढलं नाही. ती पोचली का, ती पोचली का, म्हणून नुसतं डोकं खाल्लंय माझं."

"द्या त्यांच्याकडे," आत्या म्हणाली, आणि फोन त्यांच्या हातात जाईपर्यंत दारातच उभी राहिली.

"पोचले हो, आई. जेवते आता."